ताजी पुट्टी

फूटपट्टीच्या हातून पंचवीस वर्षांत एकही काच फुटली नव्हती. नवऱ्याच्या हातून मात्र अकरा फुटल्या होत्या, आणि तिचा काचा पुसण्याचा धंदा त्यातूनच उभा राहिला.

पहिली काच फुटली ती तिच्या डोक्याने. काच बसवणारा आला आणि काही न बोलता बसवून गेला. तिसऱ्या वेळी मात्र त्याने हसत विचारलं, "वहिनी, घरात चेंडू खेळता का?" त्यानंतर तिने त्याला कधी बोलावलं नाही. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल आणून ती स्वतःच पुट्टी मळायला शिकली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. तो गोळा मळायचा आणि ती तावदान धरून ठेवायची. पुट्टी कोपऱ्यात अंगठ्याने दाबायची आणि दाबता दाबता जरा उजवीकडे ओढायची, म्हणजे पाणी साचत नाही, हे तिनेच त्याला शिकवलं. तिच्या ओठावरचं रक्त सुकलेलं नसायचं आणि मायलेकरं खिडकीशी उभी राहून, शाळेतलं हस्तकाम करावं तशी, मन लावून काच बसवत असायची.

पुढे नवरा गेला. भेटायला आलेल्या माणसांसमोर ती खिडक्याच पुसत होती. तिला येत होतं ते तेवढंच.

फूटपट्टी हे नाव बाजाराने दिलं. ती उंच, सडपातळ होती, आणि रस्त्याच्या पलीकडून नुसतं बघून सांगायची, "एकशे चाळीस फूट." टेप लावला तर एकशे एकेचाळीस भरायचे. एक फूट कुठे गेला असं कुणी विचारलं, की म्हणायची, "चौकटीने खाल्ला."

तिचे दर दोन. दुकान किंवा ऑफिस असेल तर फुटावर, घर असेल तर नगावर, म्हणजे एकेका तावदानाचे वेगळे. घराचा दर ऐकून लोक हमखास कुरकुरायचे.

"अहो, एवढ्या मोठ्या दुकानापेक्षा माझं घर महाग?"

"दुकानात गिऱ्हाईक माल बघतं, काच बघत नाही. घरात तुम्ही माझ्यामागे बोट फिरवत येणार."

खरं कारण वेगळं होतं, पण ते गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं नव्हतं. दुकानाच्या काचेवर रस्त्याची धूळ असते. वायपर वरून खाली ओढला की काम संपलं. घराच्या काचेला आतली बाजू असते. तिच्यावर तेलाची वाफ बसलेली असते, मुलांची बोटं उमटलेली असतात, आणि कधी कधी कुणी कपाळ टेकून फार वेळ उभं राहिल्याचा डागही असतो. तो पहिल्या हाताला निघत नाही. म्हणून घराचा भाव बाहेरून सांगायचा नाही, हा तिचा नियम होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता.

मुलाने फरशांचं दुकान काढलं तेव्हा त्याने तिला सकाळीच बोलावून घेतलं. खाली दुकान आणि वरच्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड, तो आणि त्याची बायको.

"आई, खालचं-वरचं मिळून उक्तं सांग. एकच आकडा, दुकानाच्या नावाने. भागीदाराला कागद दाखवायचाय."

"घराचं वेगळं असतं."

"मला शिकवतेस? अगं, अर्धे पैसे तो देईल ना!"

"वर जाऊन बघते."

"वर कशाला? बाहेरून मोज. तिला बरं नाही, झोपलीय."

गेले दोन महिने सुनेला बरं नव्हतं. आधी सर्दी होती, मग पाठ धरली होती, मग आणखी काहीतरी. फूटपट्टीने शिडी खांद्यावर घेतली. नवरा होता तोवर तिची पाठही वर्षानुवर्षं धरलेलीच होती.

तिने दुकानाची दर्शनी काच मोजली आणि मग शिडी वरच्या खिडकीला टेकवली. समोरचा इस्त्रीवाला ओरडला, "मावशी, पोराकडूनही पैसे घेणार का?"

"दुप्पट घेणार. त्याला वाढवलाय कुणी?"

तो हसला. तीही हसतच वर चढली. खिडकीला आतून पडदा होता आणि सहा तावदानं होती. सवयीने तिने कडेवर अंगठा टेकवला. अंगठा आत रुतला.

तिने पुन्हा दाबून बघितलं. खालच्या उजव्या तावदानाची पुट्टी लोण्यासारखी मऊ होती, चारपाच दिवसांपलीकडची नसणार. शेजारच्या तावदानाला वरून साय धरली होती, पण आत ओल होती. तिसऱ्याची पुट्टी पूर्ण वाळली होती, फक्त चौकटीच्या रंगापेक्षा पांढरी दिसत होती. तीन तावदानं, तीन वेगवेगळ्या वेळची, आणि सगळी उभ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

कोपऱ्यात प्रत्येक ठिकाणी अंगठा दाबलेला होता, आणि दाबून जरा उजवीकडे ओढलेला.

तिला शिडी हलल्यासारखी वाटली, पण हलली नव्हती. पडदा सरकला. आत सून उभी होती. उन्हाळ्याच्या दिवसांत तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे होते आणि एका डोळ्याखाली पिवळसर पडलेला डाग होता. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ स्पष्ट वाचता येत होते. उतरा, आई. उतरा.

ती उतरली.

"किती झाले?" मुलाने विचारलं. त्याच्या हातात नमुन्याची फरशी होती आणि तो बाहीने ती पुसत होता.

"दुकानाचं लिहून देते. वरचं लिहिणार नाही."

"का गं?"

"तीन तावदानं ताजी आहेत. तूच बसवलीयस."

तो हसला. "वाऱ्याने फुटली."

"वाऱ्याला खांद्याची उंची कळते?"

फरशी तिच्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर फुटली. एक कपची गालाला चाटून गेली आणि मानेवरून काहीतरी गरम खाली ओघळलं. मुलाचा चेहरा बदलला होता. तो चेहरा तिला पाठ होता, फक्त त्याच्यावर पूर्वी मिशी असायची.

"तिने सांगितलं ना तुला? खिडकीत येऊन रडली ना?"

"अरे, ती एक शब्द—"

तो जिना चढून गेलासुद्धा. जिन्याच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग वर काहीतरी जड सरकलं, आणि मग ते सुरू झालं. बाहेरून कसं ऐकू येतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती नेहमीच आत असायची. बाहेरून ते फारच साधं वाटत होतं, कुणी गादी झटकत असावं तसं.

तिने दार दोनदा ढकललं. मग हातातल्या वायपरकडे बघितलं. पितळी मुठीचा, जुना, वजनदार. शिडी अजून खिडकीलाच टेकलेली होती.

वर पोचली तेव्हा मुलाने बायकोचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड डावीकडच्या काचेवर दाबलं होतं. गाल सपाट झाला होता. श्वासाची वाफ काचेवर उमटत होती, विरत होती, पुन्हा उमटत होती. अकरा वेळा फूटपट्टी स्वतः याच जागी होती आणि त्यातल्या आठ वेळा नंतर तिने पुट्टी मळली होती.

तिने वरच्या उजव्या तावदानावर वायपरची मूठ हाणली.

काच फुटल्याचा आवाज तिला आयुष्यात पहिल्यांदाच आपला वाटला. तिने आत हात घालून खिटी वर केली. मनगट कापलं, त्याकडे तिने लक्षही दिलं नाही. झडप आत उघडली. मुलाने बायकोला सोडलं आणि शिडीचं टोक धरून बाहेर ढकललं. शिडी चौकटीपासून वीतभर सुटली आणि परत आपटली. खाली कुणीतरी ती धरली होती. इस्त्रीवाला पळत आला होता. एका हाताने शिडी, दुसऱ्या हातात तापलेली इस्त्री, ती खाली ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"मावशी, सोडत नाही मी! मारा!"

तिने मुलाच्या बोटांवर पितळी मूठ मारली. बोटांनी शिडी सोडली. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती, पण तिने मारला. तिसराही मारला, कोपरावर. आत काहीतरी मोडल्याचं हाताला कळलं. चौथ्यासाठी हात वर गेला तेव्हा तो "आई गं" म्हणाला, आठ वर्षांच्या मुलासारखा, आणि चौकटीखाली बसला. तिचा हात तिथेच राहिला. नवऱ्याचाही हात असाच वर जायचा, आणि त्या क्षणी त्याला काय वाटत असेल ते तिला समजलं. बरं वाटत होतं. त्याचीच तिला भीती वाटली आणि तिने हात खाली घेतला.

"ये," ती सुनेला म्हणाली. "काचेवर पाय देऊ नकोस. माझ्या खांद्याला धर."

पोलीस चौकीवरच्या हवालदार बाईंनी दोघींना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मनगटाला फडकं बांधलं. काय झालं ते लिहून द्या म्हणाल्या. फूटपट्टीने पेन घेतलं. तिला लिहायची एकच रीत येत होती. तिने त्याच रीतीने लिहिलं.

दुकान: बाहेरून मोजलं, एकशे दहा फूट. घर: खिडकी एक, तावदानं सहा. पैकी एक आज सकाळी मी फोडलं. तीन आधी फुटलेली. एक या आठवड्यात, एक तीन आठवड्यांपूर्वी, एक दोन महिन्यांपूर्वी. तिन्ही माझ्या मुलाने बसवलेली. कोपऱ्यातली पुट्टी बघावी.

"हे काय? कोटेशन आहे का?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद पुन्हा सावकाश वाचला. "इतकं नक्की कसं सांगता?"

फूटपट्टीने अंगठा पुढे केला. त्यावर पांढरं अजून होतं.

सुनेने पुढे वाकून बघितलं. तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला. सुजलेल्या बोटांत पेन नीट बसत नव्हतं, तरी तिने 'तीन'वर काट मारली आणि शेजारी 'चार' लिहिलं.

"स्वयंपाकघरातलं राहिलं, आई," ती म्हणाली. "ते बाहेरून दिसत नाही."