गोंचिगमामाची निळी पिकअप

गोंचिगमामापुढे विकत घ्यायला दोन गाड्या होत्या. एक मामीच्या थोरल्या भावाची, तोगमिदची, जुनी रशियन पिकअप: दार दोरीने बांधलेलं, एका खिडकीला काचेऐवजी पत्रा, पण नदीतून, दगडांतून, बर्फातून कशीही जाणारी. दुसरी उलानबातरच्या गाडीबाजारातली, थोडीच वापरलेली, निळी कोरियन. तिच्यात पुढे स्क्रीनचा चकचकीत पडदा होता. त्या पडद्यानेच मामाला गिळलं आणि निळी दारात आली.

"दादा, तुमची गाडी पोचायच्या आधी तिचा वास पोचतो," मामा भरल्या तंबूत तोगमिदला म्हणाला. "आणि गेल्यावर तिचे बोल्ट मागे राहतात. ते काय आम्ही गोळा करायचे?"

सगळे हसले. तोगमिदही हसला. "माझी बिघडली की मी तारेने बांधतो. तुझी कशाने बांधशील?"

"ती बिघडतच नाही. आधी पडद्यावर दिसतं!" छाती पुढे, हनुवटी वर, आवाज थेट नाकातून. ही नक्कल करताना मला अजून नाक दाबावं लागत नाही.

शरद संपत आला. लामाने दिवस काढून दिला आणि मामाचं बिऱ्हाड हिवाळी मुक्कामाला निघालं. मेंढ्या घोडेस्वारांसोबत पुढे गेल्या होत्या. तंबूचे लोकरी नमदे, खांब, चूल, सगळं घर निळीच्या पाठीवर होतं, मामाची म्हातारी आई पुढच्या सीटवर, आणि आम्ही बाकीचे सामानावर. उत्तरेचं आभाळ काळवंडलेलं. बर्फ पडायच्या आत तंबू उभा राहिला नाही, तर आईची रात्र उघड्यावर. निघताना मामीने चाकांवर शकुनाचं दूध शिंपडलं आणि मामाने टाकी भरली. छावणीतल्या ड्रमातल्या डिझेलने, थंडीत गोठू नये म्हणून वर रॉकेल ओतलेल्या. आमच्याकडे सगळे तेच घालतात.

खिंडीच्या पायथ्याशी निळीला खोकला आला. मग ती गप्प झाली. पडद्यावर एक पिवळा दिवा लागला.

"अहो, काय म्हणतोय तुमचा पडदा?" मामीने विचारलं.

मामा बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला. तिथे नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण. तार बांधायला जागाच नाही.

त्यात आमची रीत अशी, की बिऱ्हाड जाताना दिसलं की जवळच्या तंबूतून चहा घेऊन धावायचं. चालत्या बिऱ्हाडाला एक वाटी पुरते. हे बिऱ्हाड दुपारभर एकाच जागी. मग खोऱ्यातला एकेक तंबू आला, खारट दुधाचा चहा आणि बोर्त्सोग, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, घेऊन. प्रत्येकाने ठरलेला प्रश्न विचारला, "बिऱ्हाड सुखाने चाललंय ना?"

आणि मामाला, बॉनेट उघडं असताना, ठरलेलंच उत्तर द्यावं लागलं, "सुखाने चाललंय."

पहिल्यांदा मोठ्याने. मग जरा हळू. शेवटी नुसते ओठ हलले. चहाला नाही म्हणता येत नव्हतं, त्यामुळे पोट तुडुंब आणि मान खाली.

वास आधी आला. मग खडखडत तोगमिदची गाडी. तो उतरला, टाकीचं झाकण काढून हुंगलं. "ड्रमातलं घातलंस?"

"नेहमी तेच घालतो, दादा."

"माझी काहीही पिते रे. हिला गाळीव लागतं." एवढंच. त्याने दोर बांधला.

जुनी ओढतेय, निळी ओढली जातेय, आणि दोन्ही बाजूंना वाट्या हातात धरून अख्खं खोरं. मेलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरून मामाने टोपीचे कान खाली ओढले. थंडी तेवढी नव्हती.

खिंडीच्या माथ्यावर, दगडांच्या पवित्र राशीपाशी, ओवोपाशी, प्रदक्षिणेला सगळे उतरले. जुन्या गाडीखाली एक बोल्ट पडलेला. मामाने तो पाहिला. आम्हीही पाहिला, आणि त्याने आम्हाला पाहताना पाहिलं. त्याचे कान चुलीसारखे लाल झाले. तो वाकला, बोल्ट उचलला, बाही खाली ओढून, वडीलधाऱ्याला देतात तसा, तोगमिदपुढे धरला.

तोगमिदने तो उलटसुलट पाहिला आणि मामाच्या तळहातावर परत ठेवला.

"ठेव तुझ्याकडेच. माझी त्याच्यावाचूनही चालते. चल, बर्फ येतोय."