अविनाशजींची डावी भिंत

अविनाशजी गेल्याचा त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा, फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. हातातला शिक्का खाली ठेवला आणि जाणवलं, की मला धक्का बसलेला नाही. सव्वा महिना झाला त्याला, पण त्या न बसलेल्या धक्क्याची लाज काही केल्या जात नाही.

आमच्या इथे, इंदूरला, पत्रकारिता विभागाच्या जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं असत. फोटोग्राफी शिकवणाऱ्या अविनाशजींनी ती हलवली, भिंती पांढऱ्या केल्या आणि दारावर ‘फोटो गॅलरी’ अशी पाटी लावली. येणारे थोडेच, त्यातले निम्मे उन्हातून सावलीला. मी मात्र दर शनिवारी दुपारी जायचे. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली, त्यांचं घराणं संस्थानाच्या काळापासून इथलं. “ताई, इतकी शुद्ध मराठी इधर नाही चलत,” असं चिडवत ते स्टूल पुढे सरकवायचे.

त्यांचा एक हट्ट होता. काढलेला फोटो कापायचा नाही. कडेला नको ते आलं तर तो फोटो वाया गेला, पुन्हा जाऊन काढायचा. विद्यार्थ्यांनी कम्प्युटरवर कड छाटली की अस्सल इंदुरी थाटात म्हणायचे, “कात्रीच चालवायची तर टेलरिंग शिका ना भिया.” स्वतः राजवाड्यासमोर एक रिक्षा हलावी म्हणून तासभर उभे राहिलेले मी पाहिलेत. फोटो टांगतानाही दोन चौकटींमध्ये बरोबर एक वीत अंतर. पट्टी लावून मोजायचे.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यातलं त्यांचं प्रदर्शन बघायला गेले आणि पहिल्याच फोटोपाशी अडखळले. सराफ्यातले एक म्हातारे सोनार तराजू धरून बसलेले, उजेड सुरेख, आणि डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर. पुढचा फोटो लालबाग पॅलेसच्या फाटकाचा, डावीकडे स्कूटरचं अर्धं चाक. तिसऱ्यात डावीकडे पिशवी... अकरा फोटो, अकराही तसेच. उजवी बाजू नेहमीसारखी नितळ. मागे सरून भिंत पाहिली, तर सगळ्या चौकटी उजवीकडे एकमेकींना खेटून लावलेल्या. डावी अर्धी भिंत रिकामी, तिथले खिळे तसेच.

“कसं वाटलं, ताई?” त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मी पटकन म्हणून गेले, “वेगळं आहे. ती मोकळी जागा छान वाटते.”

ते भिंतीकडे बघत राहिले. “कौनसी मोकळी जागा?”

मी हसून विषय बदलला.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही कॅन्टीनमध्ये पोहे खात होतो. त्यांनी उजवीकडचे खाल्ले, डावीकडचे शेवेसकट तसेच राहिले, आणि ते कुरकुरले, “आज कमी दिले याने.” मी त्यांची प्लेट फिरवली. “अरे, अभी तो हैं,” म्हणाले आणि खाऊ लागले. मी चहाच्या कपात बघत बसले. दाराबाहेर पडताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला. महिन्यात दुसऱ्यांदा. ते तसेच पुढे गेले.

का गप्प बसले मी? डोळ्यांचा विषय काढला की त्यांना राग यायचा, हे एक कारण. आमचा शनिवार नासवायचा नव्हता, हे दुसरं. दोन्ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली. खरं म्हणजे मी घाबरले होते, आणि हे बोलण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं अशी वाट बघत होते. होळीनंतर त्यांची स्कूटर डावीकडे उभ्या हातगाडीवर आदळली, तेव्हा दवाखान्यात तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ होती, खूप वाढलेली; डावीकडचं जग त्यांच्यासाठी तिनेच पुसून टाकलं होतं. “दोन-तीन महिने आधी आला असतात तर...” एवढं म्हणून डॉक्टर थांबले. वहिनींनीच मला हे सांगितलं.

तेराव्यानंतर वहिनी गॅलरीत त्यांचं सामान न्यायला आल्या. फोटो अजून भिंतीवरच होते. त्या एकेका फोटोपाशी थांबत गेल्या, मग म्हणाल्या, “ताई, तुम्ही तर दर शनिवारी यायच्या. तुम्हाला कधी कुछ अजीब नाही वाटलं?”

“नाही हो, वहिनी,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “मलाच घरात राहून नाही कळलं, तर तुम्हाला काय दोष द्यायचा?” मग त्यांनी पिशवी उचलली आणि जाताना उलट मलाच जपून जायला सांगितलं.

विभागाने अजून फोटो उतरवलेले नाहीत. किल्ली माझ्याकडेच आहे, म्हणून हा लेखही त्याच खोलीत बसून, डाव्या भिंतीकडे तोंड करून लिहिते आहे. रविवारची पुरवणी वहिनी चहा घेताना वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुमच्यासमोर बोलायचं धैर्य झालं नाही, म्हणून इथे लिहिते. वहिनी, मला कळलं होतं.