लाल रंगातलं नाव

काय घडलं यापेक्षा ते मांडून कसं दाखवलंय याचीच जन्मभर काळजी वाहणारे गृहस्थ मी एकच पाहिले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. बीडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते प्रोग्राम लिहितात, आणि त्यांच्याच वशिल्यानं मी तिथे गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेतो. कुठलीही गोष्ट एका ओळीत बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं घर दवाखान्याबाहेर जीव मुठीत धरून बसलं होतं. साडू आतून आले आणि म्हणाले, "पित्ताशय काढलं. अर्ध्या तासापूर्वी." सासूबाई कशा आहेत ते बघायला मलाच आत जावं लागलं. कपिलधारला सहलीला गेलो तर सगळी मंडळी धबधब्याखाली, आणि हे पायरीवर बसून मोबाइलमधले फोटो लावतायत: काढला कुणी, पाठवला कुणी. त्यांची बायको चिडली तर तिचाही एक फोटो त्या यादीत गेला.

पण त्यांचा खरा जीव गिटमध्ये. प्रोग्राममध्ये कुणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ठेवणारी ती व्यवस्था. तो इतिहास उघडला की एकेका बदलाच्या पाच-सहा ओळी पडद्यावर येतात, आणि बाकीची दुनिया त्या मुकाट वाचते. साडूंना त्या बघवत नसत. त्यांनी एका बदलाची एकच ओळ केली, तारखेऐवजी किती दिवस झाले ते आणलं, डावीकडे काम कुठे फुटलं, कुठे जुळलं त्या फांद्यांच्या रेघा काढल्या आणि या सगळ्या थाटाला ‘कुंडली’ असं नाव दिलं. रंग ठरवण्यात अख्खा श्रावण गेला. बदल लिहिणाऱ्याचं नाव हिरवं, तो शेवटी मुख्य प्रोग्रामच्या आत घालणाऱ्याचं लाल. ही दोन माणसं वेगळी असू शकतात आणि गिट दोघांचीही नावं जपतं, पण साध्या यादीत फक्त लिहिणारा दिसतो. हे चूक आहे, असं साडू चहाच्या वेळी दिसेल त्याला धरून सांगत. सगळे हसत, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या टेबलावरचा सलीम हसे. त्याच्या वडिलांचा फळांचा गाडा होता, घरात कॉम्प्युटरला हात लावलेला तो पहिलाच.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीनं पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या ठरवणारा प्रोग्राम केला. त्यातला एक बदल सलीमनं अर्धा लिहिला आणि तो बहिणीच्या लग्नाला रजेवर गेला. गिऱ्हाईक घाई करत होतं. साडूंनी सलीमचं काम उचललं, त्यात स्वतःच्या दोन ओळी घातल्या आणि लिहिणारा म्हणून सलीमचंच नाव ठेवून बदल आत घातला. कष्ट त्याचे होते, आपल्या दोनच ओळी, एवढाच सरळ विचार. घोटाळा त्या दोन ओळींत होता. शिरूर कासारकडची एक वस्ती यादीतून गळाली. तिथून मला फोन आला होता, "साहेब, टँकर कावून येईना?" मी यादी बघून सांगितलं की तुमच्या वस्तीचं नावच नाही. आठव्या दिवशी पाण्यासाठी विहिरीत उतरताना एक बाई पडली. जीव वाचला, पण ती आता उठून बसू शकत नाही. ते माझं उत्तर मला अजून ऐकू येतं.

कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून मोठ्या पडद्यावर इतिहास उघडला, साधा, सगळ्या जगाला दिसतो तसा. तिथे एकच नाव होतं. सलीम म्हणाला की मी काम अर्धंच सोडलं होतं, पण पडद्यासमोर त्याचं कोण ऐकणार? साडू माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले, आवाज काही आला नाही. सलीमची नोकरी त्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी साडू साहेबांपुढे उभे राहिले आणि चूक माझी म्हणाले. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला एक नाव कळवून झालंय, आता दुसरं सांगितलं तर कंपनी राहत नाही. तेव्हा साडूंनी जेवणाच्या सुट्टीत एकेका मशीनवर बसून आपली ‘कुंडली’ चढवली, अगदी शिपायाच्या टेबलावरच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरलाही वायर लावून पाहिली. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. साहेबांनी संध्याकाळपर्यंत सगळं काढायला लावलं.

मग ते लॅपटॉप पिशवीत घालून, सलीम आता वडिलांचा गाडा लावायचा तिथे गेले, मला सोबत घेऊन. पपयांच्या बाजूला जागा करून त्यांनी ती ओळ उघडली आणि लाल नावावर बोट ठेवलं. सलीमनं हात पुसले, सगळं नीट वाचलं.

"दादा, हे तुमच्या मशीनीवर दिसायलंय," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत माझंच नाव दिसायलंय."

साडूंनी लॅपटॉप मिटला. परतताना स्कूटरवर ते माझ्या मागे बसले होते आणि त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं. पन्नाशीचा माणूस इतका हलका लागू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ते पुन्हा गाड्यावर गेले. सलीमला नमाजला जायचं होतं. तो गेला, आणि येईपर्यंत साडू गाडा सांभाळत उभे राहिले. त्यानंतर एकही शुक्रवार चुकलेला नाही. पिकलेली पपई त्यांना अजून ओळखता येत नाही, बायका स्वतःच दाबून बघतात आणि त्यांना शिकवतात. सलीम येतो, मान हलवतो, साडू ऑफिसला येतात. त्या दोन ओळींबद्दल पुन्हा कुणी बोललेलं नाही. काल ते गाड्यावरून आल्यावर मी न राहवून विचारलं की सलीम काही म्हणतो का.

"न्हाई," साडू म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण आज स्टूल पुढं केलं त्यानं. बसा म्हणाला."