बाजारभाव आणि आमचा मेहुणा

राहुरीत बसस्टँडजवळ आमच्या मालकीचं एक दुकान आहे, आणि त्यात पाऊल टाकायला मला भाडेकरूची परवानगी लागायची.

भाडेकरू म्हणजे रंगनाथराव, भांडीवाले. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करा, असा हुकूम कोर्टाने त्यांना दिला. त्यांनी तो आदराने वाचला, अपील केलं आणि दारात नवे कुकर मांडले! वरच्या कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत राहा, पण जुन्या भाड्यात नाही, बाजारभावाने भरपाई द्या. (जुनं भाडं इतकं होतं, की महिन्याच्या भाड्यात त्यांच्याच दुकानातला कुकर आला नसता. शिट्टी आली असती.) योग्य भरपाई किती, हे ठरवायला कोर्टाने एका वकीलबाईंना पाहणीसाठी पाठवलं.

इथेच माझी पंचाईत झाली. भाडेकरू निघावा म्हणून मी कित्येक वर्षं कोर्टात ‘दुकान पडायला आलंय’ म्हणून गळा काढला होता. आता भरपाई जास्त हवी, तर तेच दुकान राजवाडा ठरवायचं होतं!

"मॅडम, भिंती बघा. किल्ला आहे किल्ला!" मी म्हणालो.

"कसला किल्ला?" रंगनाथराव कळवळले. "मी जीव मुठीत धरून बसतो इथे!"

बाईंनी चष्मा काढला. "साहेब, कोर्टात तुम्ही म्हणालात, दुकान पडतंय. आणि रंगनाथराव, तुम्ही म्हणालात, शंभर वर्षं हलणार नाही. आता दोघांनी पक्ष बदललाय का?"

"जागा जीर्ण आहे मॅडम," मी घाम पुसला, "पण प्रतिष्ठित जीर्ण!"

आता माझा हुकमी एक्का. बायकोचा भाऊ पोपट. त्याला मी पारनेरहून खास बोलावलं होतं. ‘महिना पंचवीस हजाराने जागा घ्यायला तयार आहे’ एवढंच त्याने बोलायचं होतं. सकाळी बायको म्हणाली होती, "त्याला नका गुंतवू, तो खरं बोलतो." मी ऐकलं नाही.

"तुम्ही पंचवीस हजार द्याल?" बाईंनी विचारलं.

"व्हय, देतो की!" पोपट छाती काढून म्हणाला.

मी मिशीत हसलो.

"दर महिन्याला?"

"म्हैन्याला?" पोपट किंचाळला. "मला वाटलं वर्साला! दाजी, म्हैन्याला एवढं कोन येडं दील? मागं लई ओल हाय, वर पत्रा गळतोय. तुमी नुसतं ‘व्हय म्हन’ म्हनला हुता, हिशोब न्हाई सांगितला!"

रंगनाथरावांनी त्याच्यासाठी स्पेशल चहा मागवला. मला कटिंग.

बाईंनी पोपटचा प्रत्येक शब्द लिहून घेतला. भरपाई ठरली ती माझ्या मागणीच्या चौथाईसुद्धा नव्हती. तरी रंगनाथरावांना तीही जड झाली. वर्षभराने त्यांनी अपील सोडलं, पैसे चुकते केले आणि भांडी आवरली. मी पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत बायको म्हणाली, "जागा रिकामीच आहे, तर पोपटला देऊ या. घरचाच आहे."

पोपट आता तिथे मोबाईल विकतो. भाडं त्यानेच ठरवलं, वर्षाचं! त्याला बाहेर काढायचा विचार मी रोज करतो. पण अडचण अशी, की त्याची वकील माझ्याच घरात राहते, मला जेवायला वाढते, आणि आजवर एकही खटला हरलेली नाही.