सदर माकड

हिवताप खात्याचे एक कर्मचारी होते, कट्टा गावच्या बाजारात आम्ही त्यांना मलेरियावाले म्हणत असू. नाव कोणी विचारलंच नाही. त्या काळी ते घरोघर डीडीटी मारून घ्यायचे. छत्री पाठीमागे कॉलरला अडकवलेली आणि तोंडात आमचीच मालवणी. तापकऱ्याचं बोट टोचताना म्हणायचे, "दी रे बोट. मुंगी चावली म्हण."

पुढे माकडांच्या रक्तातही हिवतापाचे जंतू असतात का, हे तपासायचं वरून ठरलं आणि आमच्या माडांच्या बागेत पिंजरा लागला. पिंजऱ्यातल्या माकडाशी मात्र ते कचेरीतलं मराठी बोलत. "आपण कृपया हात पुढे करावा." आम्ही हसलो की म्हणत, "सरकारी काम आसा. मालवणीत कसा सांगतलंय?"

एकदा माकड पिंजऱ्यात असतानाच कोणीतरी बातमी आणली की ताप माकडंच पसरवतात. शहाळी फोडल्याचा राग होताच. माझा काका दांडा घेऊन धावला. "तेका सोडू नकात, हयच मारतंय."

मलेरियावाले पिंजऱ्यासमोर आडवे आले. "आपण सर्वांनी मागे सरावे," ते आम्हाला म्हणाले. "ताप डास पसरवतो. सदर माकड केवळ तपासणीसाठी आहे."

आमच्याशी ते असं कधीच बोलले नव्हते. काकाचा दांडा आपोआप खाली आला.

मग त्यांनी पिंजऱ्याचं दार उचललं आणि खाली वाकून हळूच म्हणाले, "जा रे बाबा, घराक जा. वाट बघतत तुजी."