चर्चमधली वल्ही

केझायामावशीने चर्चची चावी गिळली, असं आमच्या बेथेल लँडिंगमध्ये अजून सांगतात. लोहाराची बायको तर शपथेवर सांगते, मावशी चालायला लागली की पोटात खुळखुळ ऐकू यायचं. साफ खोटं! चावी बंधू प्रूइटच्याच कोटाच्या आतल्या खिशात राहिली होती, आणि त्या रविवारनंतर तो ती शोधत सगळं गाव पालथं घालत होता. मावशी वसंतात नदीपलीकडे निघून गेली, म्हणून आता खरं लिहायला हरकत नाही.

केझाया चर्च झाडायची, शेगडी पेटवायची, घंटा वाजवायची. मी तिच्या हाताखाली बाक पुसणारी पोर. मावशीच्या नवऱ्याने मरण्याआधी पै पै साठवून तिला गुलामीतून सोडवलं होतं, पण मुलगी डॉर्कस त्याआधी जन्मलेली, म्हणजे प्रूइटच्या मालकीची. आमच्या काठाला केंटकी, तिथे माणसं विकली जायची. समोर ओहायो, तिथे नाही. मध्ये नुसतं पाणी. म्हणून गावाचा नियम होता : शनिवारी संध्याकाळी झाडून सगळ्या होड्यांची वल्ही चर्चच्या आत, दारालगतच्या कोनाड्यात आणून ठेवायची. गोरी माणसं प्रार्थनेत असताना कुणी गुलाम होडी घेऊन पळायला नको. त्या रात्री चावी प्रूइटकडे, आणि रविवारी तो स्वतः कोनाड्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचा. उपदेश ऐकताना डोळा लागला तरी पाय वल्ह्यांवर.

त्या वर्षी पंथच फुटला. बिशपाने गुलाम बाळगावेत की नाही, यावरून उत्तरेचे वेगळे झाले, दक्षिणेचे वेगळे. आमचं गाव बरोब्बर मधोमध चिरलं. दक्षिणवाल्या प्रूइटकडे बावीस डोकी, उत्तरवाल्या चांभार हॉस्किन्सकडे एकवीस, आणि चर्च एक. सख्खे साडू रस्त्यात तोंड फिरवायला लागले.

केझायाला या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच वार घुमत होता, सोमवार. सोमवारच्या आगबोटीने प्रूइट डॉर्कसला खाली दक्षिणेत नॅचेझच्या गुलामबाजारात विकायला पाठवणार होता. शनिवारी तिने एकच जमीन तीनदा झाडली. झाडू ठेवला, उचलला, खिडकीशी गेली, परत आली.

हॉस्किन्स मागच्या बाजूने डोकावला. "केझाया, उद्या तो प्रूइट आतून कडी लावून बसणार बघ. चर्च बळकावणार!"

"मला काय कळतंय बंधू," ती केर भरत म्हणाली. "मी आपली झाडणारी. त्या मागच्या खिडकीची कडी तेवढी लागत नाही. थंडी येते हो."

हॉस्किन्सने खिडकीकडे पाहिलं आणि घाईघाईने टोपी चढवून गेला.

तासाभराने प्रूइट चावी घ्यायला आला. "हॉस्किन्स आला होता का गं?"

"आला होता मालक. म्हणाला, जो उपदेशाच्या चौथऱ्यावर बसेल त्याचं चर्च." हे हॉस्किन्स म्हणालाच नव्हता.

"असं म्हणाला? मीच बसतो! उठवून दाखवू दे!"

तो गेल्यावर बाकांमागून मी त्याचा आवाज काढला, घोगरा, मिशा चावत बोलल्यासारखा : "उठवून दाखवू दे!" एरवी मावशी पोट धरून हसायची. आज तिने विचारलं, "किती वेळ बसतील गं हे, उद्या?"

"जेवणापर्यंत. भूक लागली की सगळे बंधू."

"नाही. दिवे लागेपर्यंत कुणी उठायचा नाही. लाव पैज. हरेल तिने हिवाळाभर शेगडीची लाकडं आणायची."

मी टाळी दिली.

रविवारी प्रूइटने दार उघडलं, तर हॉस्किन्सची माणसं खिडकीतून येऊन पुढचे बाक अडवून बसलेली! प्रूइट तडक चौथऱ्यावर. कोनाड्यापुढची खुर्ची रिकामी. ती भरायची तर कुणीतरी बाक सोडायला हवा, आणि बाक सोडला की समोरचा बसलाच. कोण उठतो?

"बंधू, खाली या."

"आधी तुम्ही बाहेर जा, बंधू."

एका बाजूने भजन सुरू केलं, दुसऱ्या बाजूने दुसरंच, वरच्या पट्टीत. मध्ये केझाया शेगडीत लाकूड सारत होती. प्रत्येक लाकडामागे एकदा खुर्चीकडे बघायची. वरच्या सज्ज्यात गुलामांची बसायची जागा. तिथून डॉर्कस बाहेरच्या जिन्याने उतरली आणि दारातून आत कोनाड्याशी आली.

"मालक, लाकडं संपत आली," केझाया मोठ्याने म्हणाली. "पोरीला पाठवू?"

"पाठव, पाठव!" प्रूइटची नजर हॉस्किन्सवरून हटेना. "सांगून ठेवतो हॉस्किन्स, आज आम्ही चर्च वेगळं केलं!"

"उद्या देश फोडाल!"

"फोडू! अडवायला बंदुका घेऊन या!"

"आणू की!"

त्या दोघांचे त्या वेळचे आवाज मला अजून काढवत नाहीत. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या होत्या, आणि लाकडं वाहायच्या गोणपाटात गुंडाळलेली दोन वल्ही दाराबाहेर गेली. पलीकडच्या काठावरून, पळालेल्यांना लपवणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या घरापर्यंत दिवसभराची पायपीट होती, हे केझायाने आधीच मोजून ठेवलेलं.

जेवणाची वेळ झाली. कुणी उठलं नाही. हॉस्किन्सच्या बायकोने खिडकीतून मक्याची भाकरी आणि डुकराचं मांस आत दिलं. प्रूइट उपाशीच गुरगुरत राहिला. दुपार कलली. पोरं रडली, म्हातारे पेंगले, बाक कुणी सोडला नाही. केझाया दर थोड्या वेळाने दारात जाऊन नदीकडे बघून यायची. पाण्यावर काहीच नव्हतं. तिला हवं होतं तेच.

सावल्या बाकांखाली शिरल्या तेव्हा तिने खांबावरचा दिवा पेटवला. त्रेचाळीस डोकी जिथल्या तिथे.

माझ्याजवळून जाताना ती एवढंच पुटपुटली, "लाकडं ओली आणू नकोस हं. धूर होतो."

हिवाळाभर वाहिली. सगळी सुकी.