उशाशी बसलेली मोठाई

मुरुमच्या शिवप्रियाचं तिच्या थोरल्या जावेशी, इरम्माशी, कधी भांडण झालं नाही. तरी हर्षालीच्या ऑपरेशनाचं सबंध वर्ष ती आतल्या आत जळत राहिली.

हर्षाली ही शिवप्रियाची लेक. अकराव्या वर्षी ती पोटभर जेवूनही वाळत चालली. हात थरथरायचे, अक्षर बिघडलं, निजली तरी छाती धडधडायची. वाढीचं वय म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. गळ्यावरची सूज पहिल्यांदा दिसली ती इरम्माला, वेणी घालताना. इरम्माला मूलबाळ नव्हतं. हर्षाली तिला मोठाई म्हणायची आणि लहानपणापासून तिच्याच कुशीत झोपायची.

"आईला कसं न्हाय दिसलं गं?" सासू सहज बोलून गेली. ते शिवप्रियाला लई लागलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जास्तच काम करतीय. दोन वर्षं गोळ्या झाल्या. बंद केल्या की दुखणं पुन्हा उसळायचं. शेवटी त्या गोळ्यांनीच रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, घसा सुजून ताप चढला. मग डॉक्टरांनी ग्रंथीच काढायचं ठरवलं.

वॉर्डात मुलीजवळ एकाच बाईला राहता येणार होतं. शिवप्रियाच्या अंगावर तान्हं बाळ.

"वहिनी राहतील," तिचा नवरा वैजनाथ म्हणाला.

"आई मी हाय तिची."

"व्हय, पण ह्याला कोण पाजणार?"

तिनं बाळाला पदराखाली घेतलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. शिवप्रिया मुक्कामाला सोलापुरातच नणंदेकडं गेली. त्या संध्याकाळी हर्षालीच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं आखडायला लागली. इरम्मानं धावत जाऊन नर्सला आणलं. अशा ऑपरेशनानंतर कधीकधी रक्तातलं कॅल्शियम उतरतं. लगेच सलाईनमधून ते दिलं आणि पोरगी सावरली.

सकाळी शिवप्रिया वॉर्डात आली, तेव्हा नर्स इरम्माकडं बोट दाखवून सांगत होती, "हिच्या आईनं वेळेवर हाक मारली म्हणून बरं."

इरम्मानं मान खाली घातली. मी आई नाही, असं काही ती म्हणाली नाही.

शिवप्रियाला खरं तर जावेचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. पण तिच्या मनात आलं, त्या मुंग्या माझ्यासमोर का नाही आल्या? आपल्याच विचारानं ती दचकली. पाण्याचा पेला घेऊन ती खाटेपाशी गेली. हर्षालीनं डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मोठाई, पाणी."

घरी आल्यावर शिवप्रियानं औषधं आपल्या ताब्यात घेतली. ग्रंथीच्या बदल्यात जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची होती; ती आपल्याच हातानं द्यायची, असं तिनं ठरवलं. चार दिवसांनी ती इरम्माला म्हणाली, "अक्का, लई दमलात. जळकोटला माहेरी राहून या की थोडे दिवस."

इरम्माला समजायचं ते समजलं. तिनं पिशवी भरली.

हर्षाली भांडली नाही. आईनं दिली की गोळी घ्यायची, विचारलं तेवढंच बोलायची, वेणी स्वतःची स्वतः घालायची. आई शेजारी येऊन बसली की पुस्तक उघडायची.

एकदा दुपारी ती फोनवर हसताना ऐकू आली. "मोठाई, आता वरचा सूर बी लागतोय बघ मला. ऐक." आणि ती गायला लागली. शिवप्रिया दाराआड उभी होती. ऑपरेशनानं घोगरा झालेला पोरीचा आवाज इतका मोकळा झालाय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

गाणं संपल्यावर तिनं आत जाऊन फोन मागितला.

"अक्का, बाळाला दात येतायत. माझ्यानं एकटीनं न्हाय व्हत. या आता."

"येऊ का खरंच?" इरम्मानं विचारलं.

"या म्हणते न्हवं."

दुसऱ्या दिवशी एसटीतून इरम्मा उतरताना दिसली, तशी हर्षाली धावत सुटली. रस्ताभर ती कुठं थांबली नाही की छातीवर हात ठेवला नाही. बाळाला कडेवर घेऊन मागं उभ्या असलेल्या शिवप्रियाचे डोळे भरून आले. लेक बरी झाली होती. ती इरम्माच्या गळ्यात पडली, तेव्हा शिवप्रियानं मान वळवली. मग पुढं जाऊन जावेच्या हातातली पिशवी घेतली.